वेबसाइटची मोठी कामं कशी मिळवायची: छोट्या कंपनीसाठी पायरीपायरीनं

आमची वेबसाइट बनवणारी कंपनी कोल्हापुरात आहे. माणसं पाच, मला धरून. पहिली चार वर्षं आम्ही पंधरा-वीस हजारांच्या वेबसाइट केल्या. दवाखाने, क्लासेस, मंगल कार्यालयं, दोन गुळाचे व्यापारी. महिन्याला सहा-सात कामं, रात्री अकरालाही फोन, आणि मार्चमध्ये हिशेबाला बसलो की माझ्या हातात आमच्या डिझायनरच्या पगाराहून कमी उरायचं.

मग एकदा शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतून, म्हणजे लोखंड ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्यातून, बोलावणं आलं. मी होमपेजची तीन डिझाइन्स करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. खरेदी विभागाच्या साहेबांनी लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. आधीच्या वेबसाइटवाला फोन उचलत नाही, तुम्ही उचलाल याची खात्री काय? तुमच्याकडचा मुलगा सोडून गेला तर पुढं कोण बघणार? आणि जर्मनीचं गिऱ्हाईक ज्या फॉर्ममधून ड्रॉइंग पाठवतं तो बंद पडला, तर मला किती वेळात कळेल? मी म्हणालो, “सर, आपली वेबसाइट मोबाइलवर पण एकदम मस्त दिसेल.” साहेबांनी चहा मागवला. चहावर साय धरेपर्यंत मी बोलत होतो.

मी १ लाख २० हजार सांगितले होते. काम पुण्याच्या एका कंपनीला गेलं, तीन लाखांच्या वर. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी भेट झाली तेव्हा साहेब हसत म्हणाले, “तुमचा आकडा बघूनच मला भीती वाटली हो.”

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार केला. त्यांना वेबसाइट सुंदर हवी होतीच, पण त्याआधी त्यांना मालकाच्या शिव्या नको होत्या. मोठ्या ठिकाणी पैसे एकाचे असतात आणि सही दुसऱ्याची. सही करणाऱ्याच्या पोटातली धास्ती कमी करणं, हेच तुमचं विक्रीचं काम. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच्याच आहेत. इथं ‘मोठं काम’ म्हणजे साधारण तीन ते पंधरा लाखांचं. त्याच्या वरचं आम्ही अजून केलेलं नाही, म्हणून त्याबद्दल बोलत नाही.

१. दोनच क्षेत्रं निवडा

गेल्या तीन वर्षांतली सगळी कामं एका वहीत लिहा. काम कोणी दिलं, किती दिवस लागले, पैसे किती उशिरा आले, पुन्हा बोलावलं का. या शेवटच्या रकान्यात ज्यांच्यापुढे ‘हो’ आहे ते धरा, बाकीचे सोडा.

आमच्या वहीत फाउंड्री आणि मशीन शॉपवाले वर आले. त्याला कारण होतं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत कास्टिंगचे इतके कारखाने आहेत, की एकाचं काम नीट केलं की दुसऱ्याच्या कानावर जातंच. तुम्ही नाशिकला असाल तर तुमचं क्षेत्र वेगळं निघेल, इचलकरंजीला असाल तर कापड निघेल.

क्षेत्र ठरलं की त्यांची भाषा शिका. मला ‘ग्रे आयर्न’ आणि ‘एसजी आयर्न’ या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांतला फरक कळायला एक दुपार लागली. एका मित्राच्या कारखान्यात जाऊन साचा भरताना बघितलं, कपडे काळे करून आलो. पण त्यानंतरच्या भेटीत मी विचारलं, “तुम्ही जास्तीत जास्त किती किलोचं कास्टिंग करता, ते वेबसाइटवर पहिल्याच पानावर का नाही?” तर समोरचे साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले.

२. ज्या कामाला तारीख आहे ते शोधा

‘वेबसाइट जुनी झालीय, कधीतरी करायचीय’ असं म्हणणारं गिऱ्हाईक दोन वर्षं तुम्हाला चहा पाजेल. ज्याच्या डोक्यावर तारीख आहे तो सही करतो.

सगळ्यात ताजं उदाहरण बँकांचं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये बँकांना सांगितलं, की ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली वेबसाइट ‘डॉट बँक डॉट इन’ या डोमेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यावर, न्या. डोमेन द्यायचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे. आपल्याकडं नागरी सहकारी बँका गल्लोगल्ली. त्यातल्या कित्येकांना वेबसाइट, ईमेल, सुरक्षा असं सगळंच सहा महिन्यांत हलवावं लागलं. ती तारीख गेली, पण अशा तारखा येत राहतात:

- महाविद्यालयांना नॅक या दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यांकन जवळ आलं, की ढीगभर कागदपत्रं वेबसाइटवर चढवावी लागतात.
- कारखानदारांना प्रदर्शन असतं. फाउंड्रीवाल्यांचं आयफेक्स हे वर्षाला ठरलेलं. स्टॉलचे पैसे भरले की वेबसाइटची आठवण येते.
- निर्यात सुरू करणाऱ्याकडं परदेशी ग्राहकाची तपासणी ठरते, आणि तो येण्याआधी वेबसाइट उघडून बघतो.
- मार्च. बजेटमधले उरलेले पैसे संपवायचे असतात. पण त्यासाठी तुमचं नाव डिसेंबर-जानेवारीतच त्यांच्या टेबलावर पाहिजे. फेब्रुवारीच्या शेवटी जाऊन काही होत नाही.

३. कागदांची फाइल आधी तयार ठेवा

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात फायद्याचा भाग. मोठ्या कंपनीत तुम्हाला आधी ‘व्हेंडर’ म्हणजे पुरवठादार म्हणून नोंदवतात, मगच पर्चेस ऑर्डर (पीओ, म्हणजे खरेदीचा लेखी आदेश) निघते. तो फॉर्म आला की आम्ही पूर्वी आठ-दहा दिवस कागद गोळा करत फिरायचो, सीएच्या ऑफिसात खेटे घालायचो. आता त्याच संध्याकाळी पाठवतो. पलीकडच्या लेखा विभागाला तुमच्याबद्दल पहिली गोष्ट कळते ती ही.

एका पीडीएफमध्ये, या क्रमानं ठेवा:

- कंपनीचं किंवा भागीदारीचं नोंदणीपत्र. एकट्याचा धंदा असेल तर शॉप ॲक्टची पावती
- पॅन आणि जीएसटी प्रमाणपत्र
- उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे आपण सूक्ष्म किंवा लघु उद्योग असल्याची सरकारी नोंद
- रद्द केलेला चेक, त्यावर नाव छापलेलं असावं
- तीन वर्षांचे ताळेबंद आणि प्राप्तिकर विवरणपत्रं
- सीएनं दिलेला उलाढालीचा दाखला
- याआधीच्या दोन-तीन कामांच्या पर्चेस ऑर्डर, रकमा झाकून
- काम पूर्ण झाल्याची पत्रं, ग्राहकाच्या लेटरहेडवर
- टीममध्ये कोण काय करतं, त्याचं एक पान

उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे आणि सरकारी पोर्टलवर आधार-पॅन घेऊन बसलं की अर्ध्या तासात होते. शोधताना सुरुवातीलाच सरकारी वाटणाऱ्या खासगी साइट दिसतात, त्या दोन-तीन हजार मागतात. मी भरलेत. तुम्ही भरू नका.

काम पूर्ण झाल्याचं पत्र लगेच घ्या, वेबसाइट चालू झाली त्याच आठवड्यात. मजकूर तुम्हीच टाइप करून न्या, ते शिक्का मारतात. वर्षभरानं गेलात तर सही करणारे साहेब बदललेले असतात.

४. पहिली भेट: लॅपटॉप पिशवीतच ठेवा

पहिल्या भेटीत दाखवायचं काही नाही, विचारायचं. माझे प्रश्न ठरलेले आहेत:

“ही वेबसाइट झाल्यावर कोणाचं काम सोपं होणार?” उत्तर ‘सगळ्यांचं’ आलं तर समजा अजून कोणी विचार केलेला नाही.

“आत्ताच्या वेबसाइटवरून चौकशी येते ती कोणाकडं जाते?” एका ठिकाणी ती तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या माणसाच्या ईमेलवर जात होती. भेटीतच निघालं. ते काम तिथंच आमचं झालं.

“डोमेन कोणाच्या नावावर आहे?” इथं बहुतेक वेळा शांतता पसरते. जुन्या वेबसाइटवाल्यानं ते स्वतःच्या नावावर घेतलेलं असतं, आणि तो फोन उचलत नाही. हे आधी कळलं पाहिजे, कारण डोमेन सोडवून घ्यायला महिना जाऊ शकतो.

“अंतिम मंजुरी कोण देणार, आणि ते पुढच्या भेटीला असतील का?” हा प्रश्न विचारायला लाज वाटते. विचारा. शिक्षण संस्थेत प्राचार्य सगळं ठरवतात आणि शेवटी अध्यक्ष म्हणतात, माझा फोटो उजवीकडं का? त्या अध्यक्षांना पहिल्याच दिवशी पाच मिनिटं भेटून या.

“आधीच्या कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?” याचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. प्रस्तावात ते लागणार आहे.

आणि ‘आमचा भाचा पण वेबसाइट करतो’ हे वाक्य येईल. भाच्याला नावं ठेवू नका. मी म्हणतो, “चांगलंच आहे, रोजच्या बातम्या आणि फोटो तो चढवू शकेल, त्याला आम्ही शिकवू.” भाचा आपल्या बाजूला आला की घरातलं एक मत वाढतं.

५. फुकट डिझाइन काढून देऊ नका, अभ्यासाचे पैसे घ्या

“दोन-तीन डिझाइन काढून आणा, आवडलं तर काम देऊ.” या वाक्यामागं आमच्या टीमची किती रविवारची सुटी गेली याचा हिशेब नाही. एकदा आमच्याच डिझाइनवर दुसऱ्यानं वेबसाइट केलेली मी बघितली, रंगसुद्धा तोच.

त्याऐवजी आम्ही छोटा अभ्यास विकतो. २५ ते ४० हजार रुपये, दोन आठवडे. त्यात आम्ही त्यांच्या चार-पाच माणसांशी बोलतो, जुनी वेबसाइट तपासतो, कोणती पानं लागतील त्याचा नकाशा काढतो, मजकूर कुठून येणार ते ठरवतो, आणि पंधरा-वीस पानांचा अहवाल देतो. तो अहवाल त्यांचा. तो घेऊन ते दुसऱ्याकडंही जाऊ शकतात, हे मी स्पष्ट सांगतो. काम आम्हालाच दिलं तर ही रक्कम वजा होते.

सही करणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं. चार लाखांची सही करायला वर विचारावं लागतं, तीस हजारांची बऱ्याचदा लागत नाही. आणि या दोन आठवड्यांत त्यांना दिसतं की आपण दिलेल्या वेळेला येतो, झालेलं बोलणं मेलवर लिहून पाठवतो. तुमचीही चाचणी होते आणि त्यांचीही. एका ठिकाणी अभ्यासाच्या तीस हजारांसाठी आम्ही अकरा फोन केले. पुढचं मोठं काम आम्ही नम्रपणे सोडलं.

६. प्रस्ताव आठ पानांचा, पहिलं पान त्यांचं

आमचे पहिले प्रस्ताव ‘आमच्याबद्दल’पासून सुरू व्हायचे. स्थापना, ध्येय, दृष्टी. कोण वाचतंय?

आता पहिल्या पानावर त्यांचं दुखणं असतं, त्यांच्याच शब्दांत. उदाहरणार्थ: ‘परदेशी ग्राहक ड्रॉइंग पाठवतो तो फॉर्म वर्षात तीनदा बंद पडला आणि ते आपल्याला ग्राहकानं सांगितलं.’ मालक तेवढंच पान वाचतो आणि मान डोलावतो. मग पुढं:

- काय करणार, पानांच्या आणि सुविधांच्या यादीसह
- काय करणार नाही. हे वेगळ्या मथळ्याखाली. फोटोग्राफी, मजकूर लिहिणं, भाषांतर, लोगो, व्हॉट्सॲपची जोडणी, जे नाही ते नावानिशी
- कोणाकडून काय कधी लागेल
- आठवड्यांप्रमाणे वेळापत्रक
- बिघाड झाला तर काय: कोणाला फोन करायचा, किती वेळात उत्तर मिळेल, बॅकअप कुठं असतो
- किंमत आणि टप्पे

बिघाडाचं पान हे आमचं हुकमाचं पान. ‘मुलगा सोडून गेला तर’ या प्रश्नाचं उत्तर तिथं असतं: प्रत्येक कामावर दोन माणसं, सगळे पासवर्ड ग्राहकाच्या ताब्यातल्या खात्यात, कोडची प्रत त्यांच्याकडं. वेग किती असेल तेही आकड्यात द्या. गूगलच्या मापात मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसला आणि क्लिकला २०० मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळाला तर चांगलं धरतात. ‘फास्ट वेबसाइट’ हे शब्द कोणीही छापतं.

प्रस्ताव मेलवर टाकून गप्प बसू नका. छापून न्या, समोर बसून पान-पान उलटा. मेलवरचा प्रस्ताव थेट शेवटच्या पानावर उघडतो, जिथं आकडा असतो.

७. आकडा तोंड बघून सांगू नका

मी आधी गिऱ्हाइकाची गाडी बघून आकडा सांगायचो. आता हिशेब मांडतो. आमचाच मांडून दाखवतो, आकडे सोयीसाठी थोडे गोल केलेत.

महिन्याचा खर्च: पगार माझ्यासकट १,९०,०००, भाडं १८,०००, वीज-इंटरनेट ७,०००, सॉफ्टवेअर १२,०००, सीए आणि किरकोळ ८,०००. एकूण २,३५,०००. पाच माणसं, २२ दिवस, ८ तास म्हणजे ८८० तास. पण यातले गिऱ्हाइकाच्या नावावर लावता येतील असे तास ६० टक्केच निघतात, म्हणजे ५२८. बाकीचे भेटीगाठी, फोन आणि दुरुस्त्यांत जातात. २,३५,००० भागिले ५२८, म्हणजे तासाला साधारण ४४५ रुपये हा आमचा नुसता खर्च.

एका कामाला ६२० तास लागणार असतील तर खर्च २,७५,९००. त्यावर २० टक्के उशीर आणि बदलांसाठी: ३,३१,०८०. त्यावर ३० टक्के नफा: ४,३०,४०४. आकडा ४ लाख ३० हजार, अधिक १८ टक्के जीएसटी ७७,४००.

हेच काम मी १ लाख २० हजारांत करायला निघालो होतो. म्हणजे दीड लाखांहून जास्त खिशातून घालणार होतो, आणि साहेबांना ते माझ्याआधी कळलं होतं.

८. खरेदी विभाग घासाघीस करणार, ते त्यांचं कामच आहे

मालकाला पसंत पडलं, की फाइल खरेदी विभागात जाते. तिथून फोन येतो, “किती कमी करताय?” यात अपमान वाटून घेऊ नका. त्यांना वर दाखवायला काहीतरी कमी करून घ्यावं लागतं.

नियम एकच ठेवा: आकडा कमी करायचा तर यादीतलं काहीतरी कमी करा. “चाळीस हजार कमी होतील, पण हिंदी आवृत्ती दुसऱ्या टप्प्यात जाईल.” काहीच न काढता चाळीस हजार सोडले, तर पहिला आकडा फुगवलेला होता असा अर्थ निघतो, आणि मग ते आणखी चाळीस मागतात. अगदीच काही द्यायचं झालं तर पैशांऐवजी तीन महिने जास्तीची देखभाल द्या.

९. करार आणि पैसे: इथं नीट बसा

छोटी कंपनी मोठ्या कामात बुडते ती काम न जमल्यामुळे नाही, पैसे अडकल्यामुळे. आमची बुडता बुडता वाचली.

*टप्पे.* आम्ही ऑर्डरसोबत ३० टक्के, डिझाइन मंजूर झाल्यावर २५, चाचणीसाठी वेबसाइट तयार झाल्यावर ३० आणि शेवटी १५ घेतो. खरा सापळा शेवटच्या पंधरात आहे. करारात ‘वेबसाइट लाइव्ह झाल्यावर’ एवढंच असेल, तर त्यांच्या एमडींचा संदेश लिहून येईपर्यंत वेबसाइट लाइव्ह होत नाही. आमचे ६० हजार एका संदेशासाठी सात महिने पडून होते. आता लिहितो: ‘लाइव्ह झाल्यावर, किंवा तयार असल्याची मेल पाठवल्यापासून ३० दिवसांनी, जे आधी होईल ते.’

*पर्चेस ऑर्डर.* मालक फोनवर “सुरू करा हो” म्हणाले तरी पीओ आल्याशिवाय सुरू करू नका. पीओच्या मागं बारीक अक्षरात अटी असतात, त्या वाचा. ‘बिलानंतर ९० दिवसांनी’ असं लिहिलेलं असेल तर तिथंच बोला.

*४५ दिवस.* उद्यम प्रमाणपत्राचा खरा उपयोग इथं. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. लेखी मुदतच ठरली नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराची तरतूद आहे, की असे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजावटीत दाखवता येत नाही. लेखा विभागाला हे दुसरं कलम चांगलं ठाऊक असतं. प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. तक्रारीसाठी सरकारी ऑनलाइन सोय आहे, पण तिथं गेलात की ते गिऱ्हाईक संपलं असं धरूनच जा.

*जीएसटी.* दर महिन्याला विवरणपत्र भरत असाल तर बिल या महिन्यात काढलं की कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. दीड लाखाच्या बिलावर २७ हजार तुमच्या खिशातून. म्हणून आधी प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल, पाठवा आणि खरं बिल टप्पा लेखी मंजूर झाल्यावरच काढा. आगाऊ रकमेवरही सेवेच्या बाबतीत जीएसटी लागतो, तो त्या रकमेतून बाजूला काढून ठेवा. आणि विवरणपत्र वेळेवर भरा, नाहीतर त्यांना दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट (वजावट) दिसत नाही आणि पुढचं बिल अडतं.

*टीडीएस.* म्हणजे तुमच्या बिलातून ते आधीच कापून घेतात तो प्राप्तिकर. तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के कापणार की व्यावसायिक सेवा म्हणून १०, हे ऑर्डर घेतानाच त्यांच्या लेखा विभागाला विचारा. ४ लाख ३० हजारांवर १० टक्के म्हणजे ४३ हजार, आणि ते परताव्यात यायला पुढचं वर्ष उजाडतं.

१०. सरकारी निविदांकडं कधी वळायचं

माझं मत: पहिलं मोठं काम निविदेतून शोधू नका. जीईएम आणि महाटेंडर्स या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी करा, तिसऱ्या वर्गाचं डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र घ्या, रोज दहा मिनिटं निविदा वाचा, पण नुसत्या वाचा. त्यातून मोठ्या कामाला काय काय लागतं ते फुकट शिकायला मिळतं. सरकारी वेबसाइटला जीआयजीडब्ल्यू मार्गदर्शक तत्त्वं पाळावी लागतात, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी लागते, दिव्यांगांना वापरता यावी याच्या कसोट्या असतात. तपासणीचा खर्च कोणाचा, हे निविदेत शोधा. तो बहुधा तुमचाच असतो.

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना अनामत रकमेतून सूट आहे, पण उलाढालीची आणि अनुभवाची अट मात्र बऱ्याचदा आडवी येते. अशा वेळी मोठ्या कंपनीच्या हाताखाली एक भाग घ्या आणि अनुभवाचं पत्र आपल्या नावानं मिळेल हे आधी लिहून घ्या.

११. काम मिळाल्यावरचे पहिले पंधरा दिवस

दुसरं मोठं काम पहिल्या कामाच्या पहिल्या पंधरवड्यात मिळतं किंवा जातं. या दिवसांत तीन गोष्टी.

मजकूर मागवा, लगेच. आणि तो कोणत्या फाँटमध्ये आहे ते विचारा. एका सहकारी संस्थेनं पेनड्राइव्ह दिला, त्यात पंचवीस वर्षांचे अहवाल, सगळे श्रीलिपी या जुन्या मराठी फाँट-पद्धतीत. वेबसाइटला लागणाऱ्या युनिकोडमध्ये आणल्यावर ‘कर्ज’चा रफार उडून ‘कज’ आणि ‘वार्षिक’चं ‘वाषिक’. शेकडो पानं डोळ्यांत तेल घालून वाचावी लागली, आमच्या अंदाजात त्याचा एक तासही धरलेला नव्हता. आता ‘काय करणार नाही’च्या यादीत जुन्या फाँटचं रूपांतर पहिल्या ओळीत असतं, आणि पानामागं वेगळा दर.

ईमेलला हात लावण्याआधी दोनदा बघा. हे आमच्या चुकीवरून. एका कारखान्याचं होस्टिंग आम्ही शुक्रवारी संध्याकाळी हलवलं, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथं ठेवतात ती जागा) बदलले आणि ईमेल कुठं पोचवायचं ते सांगणारे जुने एमएक्स रेकॉर्ड नवीन जागी घालायला विसरलो. वेबसाइट झकास चालू, कंपनीचे ईमेल बंद. शनिवारी दुपारी निर्यात विभागाच्या ताईंचा फोन आला, “कालपासून एकही मेल नाही, असं कधी होत नाही.” मी स्वतः गाडी काढून गेलो, चूक आमची आहे हे मालकांसमोर सांगितलं आणि काय झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, ते एका पानावर लिहून दिलं. ते गिऱ्हाईक आजही आमच्याकडं आहे. हलवण्याआधी डोमेनच्या अशा सगळ्या (डीएनएस) नोंदींचा फोटो काढून भिंतीवर लावायचा आणि शुक्रवारी काहीही हलवायचं नाही, हे दोन नियम तेव्हापासूनचे. जुन्या पानांचे पत्ते नवीन पानांकडं ३०१ नं (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) वळवायची यादीही तेव्हाच करा, नाहीतर गूगलमधून येणारी गिऱ्हाइकं रिकाम्या पानावर आपटतात.

आणि दर शुक्रवारी संध्याकाळी साडेचारच्या आत एक मेल: या आठवड्यात काय झालं, पुढच्या आठवड्यात काय होणार, तुमच्याकडून काय अडलंय आणि किती दिवस. पाच-सात ओळी, त्याहून मोठी नको. ती मेल तुमचा संपर्क-माणूस तशीच्या तशी मालकांना पुढं पाठवतो. म्हणून ती त्याच्या तोंडी शोभेल अशा भाषेत लिहा, आणि जे अडलंय ते त्याच्या नावावर न टाकता विभागाच्या नावावर टाका.